आधी कॉक शोधा: मुंबईच्या गाळ्यात पेयं बनवणाऱ्या नव्या मंडळींसाठी

शनिवारी संध्याकाळी ६ वाजता शटर ओढलं आणि सोमवारी सकाळी ८ वाजता उघडलं. मधल्या ३८ तासांत आर.ओ.च्या मागची पाव इंची नळी पुशफिट, म्हणजे नुसत्या दाबून बसवायच्या, जोडातून निसटली होती. करंगळीहून बारीक नळी, मिनिटाला जेमतेम २ लिटर पाणी. पण ३८ तासांनी गुणलं तर साडेचार हजार लिटर होतात. आमचा गाळा साकीनाक्याला, इंडस्ट्रियल इस्टेटीच्या दुसऱ्या माळ्यावर. आमच्याकडे घोटाभरही पाणी साचलं नव्हतं. साखरेची खालची पोती विरघळली, लेबलांचे रोल फुगले, एवढंच. बाकी सगळं पाणी स्लॅबच्या भेगांतून खालच्या जरीवाल्याच्या कापडावर उतरलं. धंदा कोकम सरबताचा, पण त्या वर्षी आमचा सगळ्यात जास्त पैसा जरीत गेला.

तुम्ही ज्यूस, सरबत, सोडा, जारचं पाणी, कोंबुचा किंवा छोट्या ब्रुअरीच्या कामात नव्याने आला असाल, मालक म्हणून, सुपरवायझर म्हणून किंवा "जरा मेन्टेनन्सही बघत जा" असं ऐकून, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. प्लंबिंग येत नसलं तरी चालेल. एक वही, टॉर्च, लाल पेंटचा छोटा डबा आणि सुट्टीचा एक दिवस हवा. क्रम मी मुद्दाम उलटा ठेवलाय. पाइप फुटू नये म्हणून काय करायचं ते नंतर, फुटल्यावर पाणी थांबवायचं कसं ते आधी.

पहिलं काम: पाण्याच्या मागे चालत जा

पालिकेच्या मीटरपासून सुरुवात करा. तिथून जमिनीखालची टाकी, मोटर, गच्चीवरची टाकी, तिथून खाली येणारा पाइप, तुमच्या गाळ्याचा मुख्य कॉक, तुमची साठवण टाकी, प्रेशर पंप, सँड फिल्टर, सॉफ्टनर, आर.ओ., तयार पाण्याची टाकी आणि शेवटी फिलिंग मशीन. प्रत्येक टप्प्यावर थांबा आणि वहीत लिहा: इथलं पाणी कुठल्या कॉकने बंद होतं?

मग तो कॉक खरंच बंद करून बघा. नुसता फिरतो की नाही ते नाही, पुढचा नळ उघडून पाणी थांबलं की नाही ते. जुन्या इस्टेटींत गेट व्हॉल्व्ह असतात. वर्षानुवर्षं हात न लागल्याने काही जाम झालेले असतात, तर काहींचा दांडा आतल्या पाचरीपासून तुटलेला असतो. असा व्हॉल्व्ह छान गोल फिरतो आणि पाणी तसंच वाहत राहतं. हा प्रकार फुटलेल्या पाइपासमोर उभं राहून कळण्यापेक्षा आज कळलेला बरा. असे कॉक काढून पाव फेऱ्यात बंद होणारे बॉल व्हॉल्व्ह लावा, आणि महिन्यातून एकदा फिरवत राहा, नाहीतर तेही जाम होतात. एक सूचना: जुना जाम कॉक पान्याने जोर लावून फिरवायचा असेल, तर आधी त्याच्या मागचा कॉक बंद होतो याची खात्री करा. मी एकदा केली नव्हती.

चालू कॉकांना लाल रंग द्या, नंबर टाका, आणि हा नकाशा शटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. मग सगळ्यात नव्या कामगाराला सांगा, "मुख्य कॉक बंद कर." घड्याळ लावा. एका मिनिटाच्या वर वेळ गेला तर कारण शोधा. बहुतेक वेळा कॉकसमोर साखरेची पोती रचलेली असतात, किंवा शिडी दुसऱ्या गाळ्याने नेलेली असते.

दुसरं काम: जाताना पाणी बंद

हे एवढं साधं आहे की कोणी करत नाही. दिवसा गळती झाली तर कोणीतरी ओरडतं. नुकसान होतं ते रात्री, रविवारी, होळीला गाव गाठायला सगळे गेलेले असताना. म्हणून शटर ओढण्याआधी तीन गोष्टी, याच क्रमाने: प्रेशर पंपाचा एम.सी.बी. खाली, मुख्य कॉक बंद, सगळे नळ बंद आहेत का ते डोळ्यांनी पाहणं.

पंप आधी का? ऑटोमॅटिक प्रेशर पंप बिचारा प्रामाणिक असतो. लाइनमधला दाब कमी झाला की त्याला वाटतं कोणीतरी नळ उघडलाय, आणि तो टाकी रिकामी होईपर्यंत फुटलेल्या जोडातून पाणी ढकलत राहतो.

नळ तपासायचे कारण खास मुंबईचं आहे. इथे पाणी ठरलेल्या वेळी येतं, पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी कधी अख्खा दिवस येत नाही. कोणीतरी नळ उघडतो, पाणी नाही म्हणून तसाच सोडून निघून जातो. पाणी मध्यरात्री येतं. घरी हे प्रत्येकाने एकदा तरी अनुभवलेलं असतं, पण घरी आई उठून नळ बंद करते.

चिलरसारखं काही रात्रभर चालू लागत असेल तर त्याची लाइन मुख्य कॉकच्या आधी वेगळी काढा आणि तिला स्वतःचा कॉक द्या. थोडा खर्च करायची तयारी असेल तर वीज गेली की आपोआप बंद होणारा मोटरवाला व्हॉल्व्ह मुख्य लाइनवर बसवा आणि तो गाळ्याच्या दिव्यांच्या मेन स्विचला जोडा. दिवे मालवले की पाणी बंद. लादीवर ठेवायचे पाणी ओळखणारे सेन्सरही मिळतात, पण रात्री २ वाजता त्यांचा मेसेज आला तर विरारहून साकीनाक्याला कोण येणार, हे आधी ठरवा. बंद व्हॉल्व्ह त्याहून स्वस्त पडतो.

तिसरं काम: रात्रीचं मीटर

निघताना मीटरचा आकडा वहीत, सकाळी आल्यावर पुन्हा. आठवड्यातून एक रात्र मुख्य कॉक मुद्दाम उघडा ठेवून, पंप चालू ठेवून हे करा, पण त्या रात्री इमारतीत कोणीतरी जागं असू द्या. आकडा सरकला तर कुठेतरी गळतंय. इस्टेटीचं मीटर सामायिक असेल तर आपल्या लाइनवर स्वतःचं छोटं मीटर बसवून घ्या.

गळतीला लोक हसतात, म्हणून एक हिशेब. ३ बार दाबाच्या लाइनला ६ मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला सुमारे २५ लिटर पाणी जातं, म्हणजे तासाला दीड हजार. रात्रीच्या १० तासांत १५ हजार लिटर. १०० चौरस मीटरच्या गाळ्यात ते कुठेही न जाता साचलं तर १५ सेंटिमीटर उंच होईल, आणि स्लॅबवर १५ टन वजन पडेल. जुन्या इमारतीत वरच्या माळ्यावर असाल तर लिटरपेक्षा या टनांकडे बघा.

चौथं काम: कुठला पाइप कुठे आहे

पेयांच्या कारखान्यात आणि घरात मुख्य फरक गरम पाण्याचा आणि रसायनांचा. सी.आय.पी., म्हणजे मशीन न उघडता आतून कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवून धुणं, साधारण ७० ते ८० अंशांवर चालतं. यू.पी.व्ही.सी.चा, म्हणजे नेहमीचा कडक पी.व्ही.सी. पाइप ६० अंशांच्या वर वापरायचाच नाही. सी.पी.व्ही.सी., म्हणजे गरम पाण्यासाठीचा पी.व्ही.सी., चालतो, पण त्याचीही गोम आहे: खोलीच्या तापमानाला तो जेवढा दाब झेलतो, त्याच्या पाव भागच ८२ अंशांना झेलतो. पाइपावर छापलेला दाबाचा आकडा थंड पाण्याचा असतो, हे दुकानदार सांगत नाही. गरम सी.आय.पी.साठी स्टेनलेस स्टीलच घ्या. सी. पी. टँक आणि कुंभारवाड्याच्या बाजूला हवा तो तुकडा कापून मिळतो.

तापलेला प्लॅस्टिकचा पाइप लांबतो. १० मीटरचा सी.पी.व्ही.सी. पाइप ५० अंशांनी तापला तर तीन सेंटिमीटरहून जास्त वाढतो. दोन्ही टोकं भिंतीत गच्च सिमेंटने बुजवली असतील तर ती लांबी जाणार कुठे? एल्बोवर ताण येतो, रोज तापणं आणि निवणं, आणि सहा महिन्यांनी एल्बो केसाएवढ्या रेषेने चिरतो. म्हणून लांब लाइनला मध्ये यू आकाराचं वळण द्या आणि क्लॅम्प असे लावा की पाइप आत सरकू शकेल.

आउटलेटकडेही पाहा. स्टीलची टाकी धुऊन ८० अंशांचं कॉस्टिक थेट खालच्या पी.व्ही.सी. गटारपाइपात सोडलं की तो मऊ पडून मध्येच झोळीसारखा वाकतो. वाकलेल्या जागी गाळ बसतो, तुंबतो, आणि पाणी लादीवर परत येतं. टाकीतच थंड पाणी मिसळून मग सोडायची सवय लावा.

स्टेनलेस म्हणजे अमर नव्हे. ब्लीचचं पाणी ३०४ जातीच्या स्टीलच्या टाकीत किंवा पाइपात रात्रभर साचू दिलं तर वेल्डच्या आसपास टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. बाहेरून चकचकीत, आतून खाल्लेलं. जी.आय.चे, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप उलट बाहेरून कबुली देतात: आट्यांपाशी तांबूस पाझर दिसला की तिथली भिंत पातळ झालेली असते, सुतळी-सफेद्याने आणखी चार महिने मिळतील, त्याहून जास्त नाही. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर सफेदा नकोच, टेफ्लॉन टेप वापरा.

गॅस्केटबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ट्राय-क्लॅम्पमध्ये, म्हणजे स्टीलचे पाइप जोडणाऱ्या कड्यात, बहुतेक वेळा ई.पी.डी.एम. रबराचं गॅस्केट येतं. कॉस्टिकला ते उत्तम, पण लिंबू-संत्र्याच्या सालीतल्या तेलाने ते फुगतं आणि मग दाबात बाहेर ढकललं जातं. लिंबू सरबताच्या लाइनवर दर दोन महिन्यांनी गॅस्केट "खराब निघतं" तेव्हा माल खराब नसतो, निवड चुकलेली असते. तिथे टेफ्लॉनचं वापरा.

सर्वात जास्त दगा मात्र स्वस्त गोष्टी देतात: आर.ओ.ची पुशफिट नळी, जाळीची लवचिक होज, दहा रुपयांचा वायसर. नळी कापताना ब्लेडने सरळ कापा, कात्रीने तिरकी नको. तिरकी कापलेली नळी आतल्या रिंगवर नीट बसत नाही, आणि नेमकी सुट्टीच्या दिवशी निसटते. आमची तशीच निसटली. जाळीच्या होजवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. जाळीवर गंज दिसला किंवा पाच वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा बदला.

नवा जोड चिकटवला की किमान २४ तास पाणी सोडू नका. "साहेब, दोन तासांत सुकतं," हे वाक्य प्रत्येक प्लंबर म्हणतो. सुकल्यावर रोजच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाण्याने चाचणी घ्या आणि दाबमापकाचा काटा तासभर हलतो का ते पाहा. प्लॅस्टिकच्या पाइपात कॉम्प्रेसरची हवा भरून चाचणी कधीही घेऊ देऊ नका. पाण्याने फुटलेला पाइप भिजवतो, हवेने फुटलेल्याचे तुकडे डोळ्यांत जातात.

पाचवं काम: आवाज ऐका

फिलिंग मशीनचा व्हॉल्व्ह बंद होताना पाइपातून "ठक" असा आवाज येतो का? बाटल्या भरताना हा व्हॉल्व्ह मिनिटाला कितीतरी वेळा झटक्यात बंद होतो. धावतं पाणी एकदम थांबलं की त्याचा वेग दाबात बदलतो. सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी स्टीलच्या पाइपात अचानक थांबलं तर क्षणभर १० ते १२ बार दाब वाढतो. ३ बारच्या लाइनवर हे दिवसभर, हजारो वेळा. जोड सैल होणारच.

उपाय महाग नाहीत. हळू बंद होणारा व्हॉल्व्ह, मशीनच्या अगदी जवळ झटका शोषणारा हॅमर अरेस्टर, एक माप मोठा पाइप, आणि हलणाऱ्या पाइपाला क्लॅम्प. पंपाचा दाब "असू दे जरा जास्त" म्हणून ५ बारवर ठेवला असेल तर मशीनला लागतो तेवढाच ठेवा.

दुसरा आवाज सकाळचा. पाणी यायच्या वेळी पाइप आधी खोकतो, कारण रिकाम्या लाइनमधली हवा पाण्यापुढे धावत येते. ही हवा जोडांना धक्के देते. लाइनच्या सर्वात उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवा, आणि दिवसभराच्या कपातीनंतर पाणी परत येतं तेव्हा मुख्य कॉक एकदम न उघडता हळूहळू उघडा. पहिलं गढूळ पाणी फिल्टरला न दाखवता बाहेर सोडा.

सहावं काम: घाम आणि गळती वेगळी ओळखा

जुलैत नवा सुपरवायझर हमखास प्लंबरला बोलावतो, कारण चिलरचं थंड द्रव, म्हणजे ग्लायकॉल, नेणाऱ्या लाइनखाली थारोळं असतं. प्लंबर जोड आवळतो, पैसे घेतो, थारोळं तसंच. ती गळती नसते, घाम असतो. पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट असते की सुमारे २५ अंशांच्या खालची कुठलीही वस्तू ओली होते, आणि ग्लायकॉल शून्याच्या आसपास असतं. पाइप कोरडा पुसा, त्यावर टिश्यू गुंडाळा. सगळीकडे सारखा ओला झाला तर घाम, एकाच जागी झाला तर गळती.

घामाला बंद पेशींच्या नायट्राइल रबराचं आवरण लागतं आणि त्याचे सांधे चिकटवून पूर्ण बंद करावे लागतात. व्हॉल्व्ह आणि एल्बो उघडे ठेवले तर तिथूनच दमट हवा आत शिरते आणि आवरणाखाली पाइप गुपचूप सडतो. छताला लटकलेल्या लाइनचा घाम फॉल्स सीलिंगमधून नेमका कार्टनच्या थप्पीवर पडतो, हेही पाहून ठेवा.

टाक्या

थोडक्यात. टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगत्या चेंडूचा बॉल कॉक अडकतोच, म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप भरणाऱ्या पाइपापेक्षा मोठा हवा आणि तो दिसेल अशा जागी पडायला हवा. मोटर बंद करायला फ्लोट स्विच वेगळा ठेवा. जमिनीखालच्या टाकीत किंवा चेंबरमध्ये बघायला कोणालाही "पटकन" उतरवू नका. आतली हवा श्वास घेण्याजोगी असेलच असं नाही, आणि सोडा किंवा ब्रुअरीच्या युनिटमध्ये कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साचतो. माणसं याने मरतात.

सातवं काम: खालून येणारं पाणी

तळमजल्यावर असाल तर फक्त स्वतःच्या पाइपांची काळजी पुरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते वर्ष मिठीकाठच्या गाळेवाल्यांना वेगळं सांगायला नको. पण दरवर्षीचं दुखणं त्याहून साधं आहे. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की शहराच्या नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही, आणि तुमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे लादीतल्या गटाराच्या तोंडातून, ते वर येतं. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीच्या तारखा आधीच जाहीर होतात. त्या कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी मोठा सी.आय.पी. ठेवू नका, कारण सोडलेलं पाणी जायला वाट नसेल.

बाहेर जाणाऱ्या मुख्य गटारलाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि मे महिन्यात त्याची झडप साफ करा. लादीला दर मीटरमागे १ ते २ सेंटिमीटर उतार हवा. बादलीभर पाणी ओतून बघा, कुठे थांबतं ते दिसेल. ट्रॅपमध्ये जाळीची टोपली ठेवा आणि रोज उपसा. आमच्या ट्रॅपमधून निघालेल्या वस्तूंची यादी: बाटल्यांची बुचं, ओल्या लेबलांचा लगदा, कोकमाची सालं, आणि एकदा कोणाचं तरी ओळखपत्र.

साखर, कार्टन, लेबलं हे सगळं पॅलेटवर, जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर. वरून गळण्याची भीती असेल तिथे ताडपत्री. विजेचे पॅनेल पाइपाखाली नको आणि ओल्या भागातल्या प्लगना विजेचा झटका बसताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवाच.

आणि तरीही फुटलं तर

पाण्यात पाय टाकण्याआधी वीज बंद. पॅनेलपर्यंत जायला पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका, इस्टेटीच्या मीटर रूममधून बंद करून घ्या. मग कॉक. मग खालच्या गाळ्याला फोन, स्वतःचा माल हलवण्याच्या आधी, कारण त्याला कापड सरकवायला तुमच्या पाच मिनिटांचा उपयोग होतो. मग फोटो, पुसायला घेण्याआधी.

गटाराचं पाणी लागलेला कच्चा किंवा पक्का माल वाचवायचा नाही, तो टाकायचाच. धुताना एक धोका लक्षात ठेवा: ब्लीच आणि सी.आय.पी.चं ॲसिड एकाच लादीवर किंवा एकाच गटारात एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. डबे उलटे झालेले असतील तर आधी भरपूर पाण्याने वाहून द्या.

बुरशी यायला २४ ते ४८ तास पुरतात. जुलैत खिडक्या उघडून काही सुकत नाही, बाहेरची हवाच ओली असते. शटर बंद करून ए.सी. किंवा भाड्याचं डीह्युमिडिफायर चालवा. भिजलेलं आवरण, प्लायवूड, थर्माकोल काढून टाका.

विम्याचे कागद आजच काढून वाचा. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आहे, त्यावर ५० कोटींपर्यंत 'भारत लघु उद्यम सुरक्षा'. पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं किंवा ओसंडणं यांत येतं, पण महिनोन्‌महिने झिरपून झालेलं नुकसान मागायला गेलात तर अडाल. तिथे तुमची मीटरची वही उपयोगी पडते. आणि ही पॉलिसी तुमच्या मालाची आहे. खालच्या माणसाच्या मालाचं नुकसान भरून द्यायला सार्वजनिक दायित्वाचा वेगळा विमा लागतो. आमच्याकडे तो नव्हता. दोन दिवाळ्या हप्ते त्यासाठीच फेडले.

आता शटरच्या आत कॉकांच्या नकाशाशेजारी एक फळा आहे. पहिला नंबर वॉचमनचा, दुसरा जरीवाल्याचा. त्याच्या छतावर ओलसर डाग दिसला तर फोन त्याचाच आधी येतो. गेल्या पावसाळ्यात दोनदा आला, आणि दोन्ही वेळा घाम निघाला.